पाणी चढवायचं कुणाच्या खर्चानं?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला पाचशेचीही खात्री नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरानं सांगली शहर बुडालं होतं, लोकांना नावांतून बाहेर काढत होते, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला टँकर चालू होते. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पट्टा पर्जन्यछायेत पडलेला. राजधानीपासून लांब, जिल्ह्याच्या गावापासूनही लांब. या पट्ट्याचा भार सरकारनं किती उचलायचा, कसा उचलायचा आणि कुठवर, हा वाद इथं घराघरांत चालतो. तो इथं एका मामा-भाचीच्या तोंडी घातला आहे. मामा मूळचे माणचे, सरकारच्या लेखा विभागात नोकरी करून साताऱ्यात स्थायिक झालेले. भाची जतच्या पूर्व भागातली. घरची थोडी डाळिंबाची बाग, थोडी मेंढरं.

मामा : आधी आकडा ऐक, मग भांड. एक टीएमसी पाणी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. ते शंभर मीटर वर चढवायला, पंप-मोटारीतली घट धरून, साधारण एक कोटी युनिट वीज लागते. हे काही राजकारण नाही, शाळेतलं गणित आहे. तुमच्या भागासाठीच्या विस्तारित म्हैसाळ उपसा योजनेला सहा टीएमसी धरलंय. समज, सगळे टप्पे मिळून दोनशे मीटरची चढण आहे. म्हणजे वर्षाला बारा कोटी युनिट. युनिटला सहा रुपये लावले तरी बहात्तर कोटी, आणि तेही दरवर्षी. धरणाचं पाणी एकदा सोडलं की उतारानं आपलं आपण जातं. उपसा योजना म्हणजे दारात बांधलेला हत्ती. आणायला पैसे आणि पोसायला त्याहून जास्त.

भाची : हत्ती आम्ही मागितला नव्हता मामा, आम्ही पाणी मागितलं होतं. बच्छावत लवादानं कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं आणि ३१ मे २००० नंतर फेरविचार होईल असं लिहून ठेवलं. वापर दाखवला नाही तर हक्क जाईल, ही धास्ती सरकारला होती. म्हणून तर १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ निघालं, बाजारातून रोखे उभारले, टेंभू उपसा योजनेला मंजुरी मिळाली. दुष्काळी तालुक्यांची नावं पुढं करून पाणी राखलं. आता ते चढवायची वेळ आली, तर वीजबिल आमच्या अंगावर टाकता?

मामा : राखलं ते बरोबरच केलं. पण राखायच्या घाईत काय झालं ते मी कागदावर बघितलंय. ताकारी-म्हैसाळ १९८४ ची, तेव्हाचा अंदाज शंभर कोटींच्या आतला. आज ती योजना हजारो कोटींच्या घरात आहे. कारण काय? एका वेळी दहा योजनांचे नारळ फोडायचे आणि दरवर्षी प्रत्येकीच्या ताटात चमचाभर निधी वाढायचा. पंपगृह तयार तर कालवा नाही, कालवा तयार तर पोटपाट नाहीत. रोख्यांचं व्याज मात्र वेळेवर चढत राहिलं. मी सरकारच्या बाजूनं बोलतोय असं समजू नकोस. मी तिजोरीच्या बाजूनं बोलतोय. सरकार पाच वर्षांनी बदलतं, कर्ज बदलत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढं गेलंय.

भाची : आणि त्या नऊ लाख कोटींत आमच्या वीजबिलाचा वाटा किती? तिजोरी रिकामी असल्याची आठवण दुष्काळी माणूस दारात आला की होते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. चांगली गोष्ट आहे, माझा पण बोअरला पंप आहे. पण बघा, वाळव्याचा शेतकरी नदीच्या काठावर बसून पाच अश्वशक्तीच्या मोटारीनं ऊस भिजवतो, त्याला बिल शून्य. म्हैसाळचा लाभधारक शेवटच्या टप्प्यावर आठवड्यांनी येणाऱ्या आवर्तनाची वाट बघतो, त्यानं मात्र वीजबिलाचे १९ टक्के भरायचे. हा कुठला न्याय?

मामा : आणि ८१ टक्के सरकार भरतं, ते सांगायचं राहिलं.

भाची : भरतं. पण ते ८१-१९ चं सूत्र यायच्या आधी काय चालायचं? बिल थकलं की महावितरण वीज तोडायचं. मग निवडणूक किंवा उन्हाळा जवळ आला की टंचाई निधीतून थकबाकी भरायची, पुढाऱ्यांनी बटण दाबून फोटो काढायचे. त्यात पिकाचा हंगाम निघून जायचा. पाणी कधी येणार हे ठाऊक नसेल तर शेतकरी बाग कशी लावणार? बँक कर्ज कशावर देणार? पाणी कमी असलं तरी चालतं मामा, तारीख पक्की पाहिजे.

मामा : हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. भरवशाचं थोडं पाणी हे बेभरवशाच्या जास्त पाण्यापेक्षा कधीही चांगलं. पण मग भरवसा विकत घ्यायचा कुठून? त्यासाठीच तर जर्मन बँकेच्या कर्जातून म्हैसाळसाठी सौर प्रकल्प घेतलाय, तोही तुमच्याच जत तालुक्यात. ऊन तेवढं तुमच्याकडं फुकट आहे.

भाची : वाराही फुकट आहे. आमच्या माळावरच्या पवनचक्क्यांची वीज कधीपासून बाहेर जाते. कोयनेची वीज जाते. कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेला सोडून वीज करायची आणि पुढं ते चिपळूणमार्गे समुद्राला मिळायचं, ते चालतं. पूर्वेला सहा टीएमसी म्हटलं की लगेच युनिटचा दर निघतो.

मामा : कोयनेच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, बाय. त्या कारखान्यांच्या करातूनच तुमची रस्त्याची कामं झाली. रोजगार हमी कुणी दिली? तुमच्याच जिल्ह्यातल्या, तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागेंनी. आणि तिचा पैसा कुठून आला? पगारदारांच्या व्यवसाय करातून. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशात माणच्या बाईनं नालाबांध घातला. ही देणी-घेणी एका बाजूनं मोजायची नसतात.

भाची : म्हणून तर म्हणते, सगळं मोजा. सुरुवात जिल्ह्याच्या सरासरीपासून करा. १९८४ साली दांडेकर समितीनं राज्याचा विकासाचा अनुशेष काढला. मोजमाप जिल्हावार होतं. सातारा आणि सांगली म्हटलं की साखर कारखाने, द्राक्षं, हळद, दूध संघ, महाविद्यालयं. सरासरी काढली की दोन्ही जिल्हे पुढारलेले. त्या सरासरीत जत कुठं दिसलं? माण कुठं दिसलं? विदर्भ-मराठवाड्याला अनुशेष म्हणून निधी मिळाला, मिळायलाच हवा होता. आम्ही मात्र उर्वरित महाराष्ट्राच्या डब्यात. सिंचनाच्या निधीला कात्री लागली की ती उर्वरित महाराष्ट्राला, आणि त्या डब्यात पहिली कात्री आम्हाला. गरीब जिल्ह्यातल्या गरिबाचं निदान नाव तरी यादीत असतं. श्रीमंत जिल्ह्यातल्या गरिबाला यादीच नाही.

मामा : हे मात्र शंभर टक्के खरं. पुढं केळकर समिती झाली, २०१३ मध्ये अहवाल आला, टंचाईग्रस्त भागांचा विचारही झाला. पण पैसे वाटताना आजही प्रदेश आणि जिल्हा हीच मापं. आणि वैधानिक विकास मंडळांची मुदत २०२० साली संपली, तेव्हापासून त्यावरही नुसती चर्चा.

भाची : मग आम्ही काय करायचं? २०१२ च्या दुष्काळात आमच्याकडच्या गावांनी कर्नाटकात जायचे ठराव केले. तुम्ही सगळे म्हणालात, नाटक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मईंनी तेच ठराव बाहेर काढून चाळीस गावांवर दावा सांगितला. त्यांनी आपल्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी सोडलं, ते तिकोंडीच्या तलावात आलं. आणि मग इकडं काय झालं? दहा वर्षं फिरत असलेली विस्तारित म्हैसाळची फाईल पळायला लागली. सुमारे दोन हजार कोटींची योजना, पासष्ट गावं, सगळं महिन्याभरात मार्गी.

मामा : बोम्मईंच्या डोळ्यांपुढं त्यांची विधानसभा निवडणूक होती.

भाची : असेल. पण मुंबईला आमचं गाव नकाशावर कुठं आहे हे त्यांच्यामुळं कळलं. उमदीच्या माणसाला सांगलीपेक्षा विजापूर जवळ. दवाखान्याला तिकडं, बाजाराला तिकडं, सोयरीक तिकडं. घरात कन्नड, कचेरीत मराठी. तरी आम्ही महाराष्ट्र सोडायचं म्हणत नव्हतो मामा. आम्ही सरकारला हाक मारत होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, आम्हाला अभिमान वाटला. पण त्याच मिरज तालुक्यातल्या म्हैसाळहून आपल्याच जिल्ह्यात पाणी यायला चाळीस वर्षं लागावीत?

मामा : आता माझंही थोडं ऐक. मी माणचा. आमच्याकडं पाणी येण्याआधी माणसांनी काय केलं? शिकली. एकेका गावात चार-चार अधिकारी निघाले. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात गेली. सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या घेऊन पंजाबपासून केरळपर्यंत पोचली. परक्या गावातल्या सराफ गल्लीत, आठ बाय दहाच्या खोलीत, आम्लाच्या धुरात दिवस काढले आणि गावाकडं बंगले बांधले. म्हसवडला बायकांनी १९९७ साली माणदेशी बँक उभी केली. लिहिता-वाचता येत नाही म्हणून आधी परवाना नाकारला होता, तर त्या शिकून परत गेल्या. पाण्यावाचून माणूस अडत नाही. सरकारनं तो पैसा शिक्षणात, धंद्यात, म्हसवडच्या नव्या औद्योगिक वसाहतीत घातला तर तो फिरून परत येईल. बहात्तर कोटींची वीज मात्र दरवर्षी जळून जाईल.

भाची : मामा, तुम्ही गेलेल्यांची यादी सांगितली. राहिलेल्यांची मी सांगते. दसरा झाला की आमच्या भागातून उसाचे कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली असते, ती फेडायला जायचं. ट्रॉलीत भांडी, जळण, शेळी आणि शाळेतून काढलेलं पोर. जायचं कुठं? तुमच्या कऱ्हाडला, वाळव्याला, नदीकाठी. म्हणजे आमच्या वाटचं पाणी जिथं उसाला लागलं, तिथं जाऊन तोच ऊस आम्ही तोडायचा. गलाईवाल्याचा बंगला दिसतो, त्याला कुलूप आहे हे दिसत नाही. माणसं निघून गेली म्हणून गाव तरलं, याला विकास म्हणायचं असेल तर म्हणा. आणि औद्योगिक वसाहत म्हणाल, तर कारखान्याला काय पाणी लागत नाही?

मामा : लागतं. बरं, मग तू सांग, पाणी आलं की काय लावणार?

भाची : आता कळलं तुम्ही कुठं चाललाय ते.

मामा : तिथंच. पाणी आलं त्या प्रत्येक ठिकाणी पहिल्या दोन वर्षांत ऊस उभा राहिला. पाटानं दिलेल्या उसाला हेक्टरी वीस-पंचवीस हजार घनमीटर पाणी जातं. दोनशे मीटर चढवलेलं असेल, तर एका हेक्टर उसामागं चौदा ते अठरा हजार युनिट वीज. त्यातले ८१ टक्के पैसे बीडच्या, गडचिरोलीच्या माणसाच्या खिशातलेही आहेत. कालव्याच्या तोंडाशी ऊस, म्हणून टेलला पाणी नाही. टेलला पाणी नाही, म्हणून टेलवाला पाणीपट्टी भरत नाही. पट्टी नाही, म्हणून वीज तोडली. हे चक्र सरकारनं सुरू केलं असेल, पण फिरवलं आपणच. साखर कारखान्याच्या बिलातून पाणीपट्टी कापून घ्यायची सोय झाली, म्हणजे काय झालं? वसुलीसाठी खात्यालाही ऊसच हवासा झाला.

भाची : यात मी तुमच्याबरोबर आहे, आणि हे आजचं नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं. आपल्या नदीतली वाळू आपणच विकून पैसा उभा केला. आणि ठरवलं की पाणी प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, आणि ऊस नाही. वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींचं स्वतःचं गाव नदीकाठचं, पण वर्षानुवर्षं तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी आटपाडीला पाणी परिषदा घेत राहिले. भारत पाटणकरांनी समन्यायी वाटपाचा आग्रह धरला. म्हणून आटपाडीत टेंभूचं पाणी उघड्या कालव्याऐवजी बंदिस्त नळीनं न्यायचा विषय पुढं आला. हे शहाणपण पुण्या-मुंबईहून आलेलं नाही, दुष्काळातल्या माणसांचं आहे. सरकारनं नुसतं ऐकायचं होतं.

मामा : मग तुमच्या ग्रामसभा ठराव का करत नाहीत? कर्नाटकात जायचा ठराव होतो, ऊस न लावायचा का होत नाही?

भाची : (थोडं थांबून) कारण उसाला भाव ठरलेला आहे आणि डाळिंबाला नाही. डाळिंबावर तेल्या येतो, मर रोग येतो. एका पावसाळ्यात बाग जाते, कर्ज राहतं. ऊस आळशी आहे असं म्हणतात, पण ऊस बुडवत नाही. नुसतं पाणी मोजून देऊन भागणार नाही, ऊस सोडणाऱ्याला दुसरीकडं आधार पाहिजे. डाळिंबाला चालणारा विमा द्या, बेदाण्याला शीतगृह द्या. आणि मेंढी! माडग्याळी मेंढी आमच्या जतच्या माडग्याळची. पोपटाच्या चोचीसारखं वाकडं नाक, उंच पाय. चांगल्या नराला बाजारात लोक गाडीएवढा पैसा मोजतात. आटपाडीच्या उत्तरेश्वर यात्रेत मेंढ्यांचा बाजार बघा एकदा. खरसुंडीला खिल्लार बघा. मुळात हा जनावरांचा मुलूख आहे. पण पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी आणि चराऊ रानं कमी होत चाललेली. सरकारच्या हिशेबात पाणी म्हणजे पीक आणि पीक म्हणजे ऊस. चाऱ्याला पाणी कुणी धरलंय?

मामा : चाऱ्याचा हिशेब सरकार दुष्काळात करतं. २०१९ च्या छावण्यांत मोठ्या जनावरामागं दिवसाला ९० रुपये दिले, पुढं १०० केले.

भाची : हो ना? मग करा हिशेब. पाचशे जनावरांची छावणी, शंभर रुपयांनी, तीन महिने. पंचेचाळीस लाख झाले. एका छावणीचे. वर टँकर, वर कर्जमाफी, वर पीकनुकसानीची मदत. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९, २०२३-२४, दर तीन ते पाच वर्षांनी हे आहेच. तुम्ही पाणी चढवायचा खर्च काढलात, न चढवण्याचा काढला नाहीत.

मामा : काढला पाहिजे, कबूल. पण त्यातही एक गोष्ट बघ. माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं २०१८ मध्ये गावांच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला नंबर काढला. कोरेगावच्या वेळूनं २०१६ मध्ये काढला होता. श्रमदानानं चर खणले, पडलेला पाऊस रानातच जिरवला. युनिटभर वीज न जाळता.

भाची : चांगलंच केलं. पण पाऊस पडला तर चर भरतात. २०१८ ला पाऊसच गेला, तेव्हा खणलेले चर कोरडेच राहिले. आपल्या रानात जिरवायचं आणि कमी पडेल तेवढं नदीचं घ्यायचं, असं दोन्ही पाहिजे. एक करा म्हणजे दुसरं नको, ही भाषा फक्त आमच्यासाठी का?

मामा : बरं, मग माझ्या अटी ऐक. एक, कालवा नको, बंदिस्त नळी आणि प्रत्येक आऊटलेटला मीटर. दोन, पाणी रानाच्या क्षेत्रावर नाही, कुटुंबावर वाटायचं, आणि त्या हिश्श्यापुरतंच ८१ टक्के सरकारनं भरायचं. त्याच्या वर घेतलं, उसाला घेतलं, तर विजेचा पूर्ण दर. तीन, आवर्तनाची तारीख वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करायची.

भाची : तिन्ही मान्य. माझी चौथी अट. आधी खर्चाचं माप तालुका करा. प्रत्येक तालुक्यावर किती पैसा आला, किती पाणी आलं, किती कोयते गेले, दर मार्चला जाहीर करा. जतचं नाव सांगलीच्या सरासरीत बुडवायचं नाही.

मामा : तुझी अट माझ्या तिन्हींपेक्षा अवघड आहे. मीटर बसवायला पैसा लागतो. सरासरी मोडायला राजकीय धाडस लागतं.

भाची : म्हणून तर आमचे ठराव सीमेपलीकडचं नाव घेऊन होतात.

हा वाद इथं मिटत नाही, पण दोघं जिथं येऊन भेटले ती जागा बारकाईनं बघण्यासारखी आहे. मामांची तिजोरीची काळजी खरी आहे. चढवलेलं पाणी महाग असतं आणि ते बेहिशेबी वापरणं ही सगळ्या राज्याच्या खिशातली चोरी आहे. भाचीची तक्रारही तेवढीच खरी. दुष्काळी पट्ट्याचा खर्च सरकारला आजही चुकलेला नाही. तो छावण्या, टँकर आणि माफीच्या नावानं होतो, एवढंच. फरक असा, की त्या खर्चातून काही उभं राहत नाही. पाणी द्यायचंच आहे, तर ते मोजून, तारीख ठरवून आणि कुटुंबागणिक द्यावं. आणि पाणी मागणाऱ्या गावांनी मागणीच्या ठरावाखालीच, त्याच कागदावर, ऊस न लावण्याचा ठराव करावा. असा जोडठराव घेऊन जाणाऱ्या पहिल्या ग्रामसभेला कुठलंही सरकार सहज परत पाठवू शकणार नाही.